गोव्याच्या नेव्ही म्युझियममधली जुनी विमानं, फोनच्या कॅमेऱ्यात

गोव्याला जाणारी आपली माणसं बीच करतात, किल्ले करतात, चर्च बघतात, पण दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे तिकडे फार कमी जण वळतात, आणि जे वळतात त्यांचे फोटो बघितले की साधारण एकच चित्र दिसतं, माणूस पुढे, विमान मागे, शेपूट अर्धं कापलेलं आणि आभाळ पांढरंफटक. माझेही पहिल्या वेळचे फोटो असेच आले होते. माझा मामा वास्कोला राहतो त्यामुळे मला तिथे चार-पाच वेळा जाता आलं आणि दर खेपेला थोडं थोडं कळत गेलं, ते सगळं इथे एका जागी लिहून काढतेय. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा नाही, फक्त फोन आहे, आणि विमानातलं फारसं कळत नसलं तरी ही जुनी यंत्रं बघताना जे थबकतात, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी पंधरा मिनिटं फोन खिशातच ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि बहुतेक जण हीच गाळतात. आत गेलात की आधी एक चक्कर मारा, पाट्या वाचा, आणि प्रत्येक विमानासमोर उभं राहून बघा की ह्याच्यात असं काय आहे जे शेजारच्यात नाही. ते सापडलं की फोटो कुठून काढायचा हे निम्मं ठरलेलंच असतं. पहिल्या खेपेला मी सगळी विमानं एकाच बाजूने, नाकाच्या थोडं डावीकडून, उभ्या उभ्या काढली आणि घरी आल्यावर कुठलं विमान कुठलं हे मलाच सांगता येईना. दुसऱ्या खेपेला मामा सोबत होता, त्याने मला सी हॉकच्या मागे नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "जेट आहे ना हे, मग झोत कुठून बाहेर पडतो ते दाखव बघू." मी शेपटाच्या टोकाला शोधत बसले, तिथे काहीच नव्हतं. सी हॉकला इंजिन एकच आहे पण त्याचा झोत दोन फाट्यांनी दोन्ही पंखांच्या बुडाशी बाहेर सोडलाय, म्हणून शेपूट असं सडपातळ आणि मोकळं राहिलंय. ही गोष्ट समोरून कधीच दिसत नाही, मागून तिरकं, कमरेच्या उंचीवरून बघितलं की लगेच दिसते. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले ते ह्याच जातीच्या विमानांनी, आणि माझ्या मते सी हॉकचा फोटो मागूनच काढावा.

असंच बाकीच्यांचं. अलिझे हे पाणबुड्या शोधणारं विमान, पुढे चार पात्यांचा पंखा, पोटाखाली रडारचा घुमट आतबाहेर करायची सोय आणि पंखाखाली चाकांचे ते लांबट फुगीर डबे, म्हणजे ह्याची सगळी गंमत खालच्या अंगाला आहे, त्यामुळे इथे खाली बसायचं. व्हॅम्पायरला दोन शेपट्या आहेत पण त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्याचा पुढचा भाग लाकडाचा आहे, प्लायवूड आणि बाल्सा, त्यामुळे तिथे रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा नाहीत. बाजूच्या धातूच्या विमानाचा आणि ह्याचा क्लोजअप एकाच उन्हात काढून शेजारी ठेवून बघा, फरक मुलांनासुद्धा कळतो. सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं, ह्याच जातीपासून १९५३ साली आपल्या नेव्हीच्या विमानांची सुरुवात झाली, त्याचं पोट होडीसारखं आहे आणि ते होडीसारखं दिसायला हवं असेल तर समोरून आणि खालून बघावं लागतं. सी हॅरियरची ओळख म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन वळणारी नळकांडी, ज्यांच्या जोरावर ते जागच्या जागी उभं उतरायचं. २०१६ पर्यंत ते इथूनच, दाबोळीवरून उडत होतं. कामोव्ह हेलिकॉप्टरला डोक्यावर एकावर एक दोन पंखे आहेत आणि शेपटीला पंखाच नाही.

एचटी-२ हे बाकीच्यांपुढे लहानसं ट्रेनर विमान, बरेच लोक त्याच्या पुढून तसेच निघून जातात. मला मात्र तिथे थांबल्याशिवाय राहवत नाही कारण ते डॉ. विष्णू माधव घाटगे ह्या आपल्या मराठी माणसाने डिझाईन केलेलं आहे. घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटलसारख्या, हवेच्या शास्त्रातल्या मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकले, परत येऊन बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये काम केलं आणि १९५१ साली हे विमान पहिल्यांदा उडालं. त्याचा फोटो काढताना मी मुद्दाम मोठ्या विमानाला फ्रेमबाहेर ठेवते, नाहीतर ते बिचारं खेळण्यासारखं दिसतं.

वेळ, ऊन आणि परवानगी

सोमवारी म्युझियम बंद असतं, बाकी दिवशी साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, तरी निघायच्या आधी एकदा खात्री करून घ्या. मोपाच्या विमानतळावर उतरणार असाल तर लक्षात ठेवा की मोपा उत्तर टोकाला आणि हे दक्षिणेकडे दाबोळीला, अंतर बरंच आहे.

पहाटेचं कोवळं ऊन इथे मिळत नाही कारण दार उघडेपर्यंत ऊन चढलेलं असतं. म्हणून माझं सांगणं, डिसेंबर-जानेवारीत जा आणि चार वाजता आत शिरा. त्या दिवसांत गोव्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो त्यामुळे शेवटचा तास-सव्वा तास तिरपं ऊन मिळतं, आणि जुन्या विमानाला तिरप्या उन्हासारखं दुसरं काही नाही. भर दुपारी पत्रा सपाट दिसतो. तोच पत्रा तिरप्या उन्हात बघा, प्रत्येक रिव्हेटला स्वतःची इवलीशी सावली पडते, पत्र्याचे जोड दिसतात, कुठे पोचा आलाय, कुठे रंगाचे तीन-चार थर एकमेकांखालून डोकावतायत, सगळं वर येतं. मे महिन्यात मात्र सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे ते ऊन यायच्या आत म्युझियम बंद. मे मध्येच जाणं होणार असेल तर ढगाळ दिवस बघा. पावसाळ्यातही वाईट नाही, एक सर येऊन गेली की ओल्या फरशीत विमानाचं प्रतिबिंब मिळतं, फक्त फोन सांभाळा.

आता नियमाचं, हे मी मनापासून सांगतेय. दाबोळी हा नेव्हीचा एअरफील्ड आहे, म्युझियम त्याला लागून आहे. जे म्युझियमच्या आवारात मांडलंय त्याचेच फोटो काढायचे, कुंपणापलीकडे, रनवेकडे किंवा हँगरकडे, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडकडे, फोन वळवायचा नाही, आणि ड्रोन तर विषयच नाही. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट आहे का, व्हिडिओ चालतो का, ट्रायपॉड चालतो का हे तिकीट खिडकीवर विचारून घ्या. ड्युटीवरचा माणूस नको म्हणाला की नको, वाद घालू नका. विमानांवर चढायचं नाही, लटकायचं नाही, पंख्याची पाती फिरवून बघायची नाहीत. ही विमानं समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी आहेत, आधीच बरंच सोसतायत.

फोन तयार करायचा

एसी टॅक्सीतून उतरलात की पाच मिनिटं थांबा. गार फोन गोव्याच्या दमट हवेत आला की लेन्सवर वाफ धरते आणि आपल्याला वाटतं फोटो धुरकट का येतायत. वाफ गेली की सुती किंवा चष्म्याच्या कापडाने लेन्स पुसा, आणि तिथे असेपर्यंत अधूनमधून पुसत राहा कारण बोटाचे डाग आणि खारट हवेचा पातळ थर बसतच राहतो. माझ्या अनुभवात फोनचे अर्धे खराब फोटो फक्त लेन्स न पुसल्याने येतात.

मग सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा म्हणजे पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसतील. फ्लॅश कायमचा बंद. ब्यूटी, फिल्टर वगैरे बंद. फोनमध्ये रॉ, म्हणजे फोनने न आवळलेली मोठी फाईल, काढायची सोय असेल तर दोन-चार महत्त्वाच्या फोटोंसाठी वापरा, सगळ्यांसाठी नको, जागा भरते.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, हाताने सांभाळायला शिका, ह्याला दोन मिनिटं लागतात. पडद्यावर विमानाच्या अंगावर बोट दाबून धरा, फोकस आणि लाईट तिथेच लॉक होईल, मग बोट खाली सरकवलं की चित्र काळोखं होतं, वर सरकवलं की उजळ. पांढऱ्या किंवा फिक्या करड्या विमानावर ऊन पडलं की फोन गोंधळतो, पांढरा भाग जळून जातो आणि तिथली अक्षरं, रिव्हेट सगळं गायब होतं, ते नंतर कशानेच परत येत नाही. म्हणून उन्हातल्या विमानाला थोडं काळोखंच काढा, सावली नंतर घरी उजळता येते. उलट विमानाच्या पोटाखालून आभाळाकडे बघत काढत असाल तर आभाळावर नाही, पोटावर बोट ठेवा, नाहीतर नुसता काळा आकार येईल.

पोर्ट्रेट मोड माणसांसाठी ठेवा. विमानावर तो वापरला की फोन विमानाची कडा शोधतो आणि नाकासमोरची बारीक नळी, अँटेनाची तार, पंख्याच्या पात्याचं टोक ह्यांना बॅकग्राउंड समजून पुसून टाकतो.

किती लांब उभं राहायचं

फोनने विमान काढताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. फोनची मुख्य लेन्स ही मुळात वाईड आहे, त्यामुळे जवळ उभं राहून पूर्ण विमान बसवायला गेलं की जवळचं टोक प्रचंड मोठं आणि लांबचं टोक काडीसारखं दिसतं. विमानाचा खरा आकार, जो कुणीतरी कागदावर वर्षानुवर्षं घासून काढला होता, तो मोडतो.

सुपर कॉन्स्टेलेशनचंच बघू, कारण म्युझियमचा राजा तोच आहे. आधी एअर इंडियाने त्यातून प्रवासी नेले, मग ही विमानं हवाई दलाकडे गेली, १९७६ मध्ये नेव्हीकडे आली आणि समुद्रावर टेहळणी करत राहिली. चार इंजिनं, माशासारखी वळणदार पाठ आणि मागे तीन उभी शेपटं. एकच उंच शेपूट लावलं असतं तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं म्हणून उंची तीन ठिकाणी वाटून दिली. लांबी साधारण ३५ मीटर. आता फोनच्या साध्या १एक्स लेन्सने आडवं धरून हे विमान बाजूने टोकापासून टोकापर्यंत बसवायचं तर किमान २४-२५ मीटर मागे जावं लागतं, आणि थोडी मोकळी जागा सोडायची तर ३० मीटर. २एक्स वर तर जवळपास ५० मीटर. तेवढं मागे हटायला जागा मिळेलच असं नाही. मग लोक ०.५एक्स करतात, त्याने १२-१३ मीटरवरूनही बसतं पण कोपऱ्यातलं सगळं ओढल्यासारखं लांबतं, नाक किंवा शेपूट रबरासारखं दिसतं. पॅनोरामा तर मुळीच करू नका, सरळ अंगाचं विमान केळ्यासारखं वाकतं.

त्यावर माझा उपाय असा की पूर्ण बाजू बसवायचा हट्टच सोडायचा. तिरकं उभं राहायचं, मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे तीन शेपटं पुढे आणि ती वळणदार पाठ हळूहळू लांब जाताना दिसते, किंवा पुढच्या कोपऱ्यातून, नाक पुढे आणि मागे इंजिनांची रांग. तिरकं उभं राहिलं की लांबी आखूड होऊन फ्रेममध्ये बसते आणि १एक्स पुरते. ०.५एक्स वापरायचंच असेल तर विमान फ्रेमच्या मधोमध ठेवा, कोपऱ्यात आभाळ नि जमीन जाऊ दे, त्या ताणल्या गेल्या तरी कुणाला कळत नाही.

लहान विमानांसाठी उलट करा, मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्स लावा, पण तुमच्या फोनला तेवढी खरी लेन्स आहे का ते बघा. बोटांनी चिमटून दहापट झूम केलं की फोन स्वतःच्या मनाने चित्र रंगवायला लागतो, रिव्हेटच्या जागी पुसट ठिपके आणि पत्र्यावरच्या बारीक सूचनांच्या जागी कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं येतात. मी एकदा अलिझेवरची एक सूचना लांबून झूम करून काढली, घरी वाचायला गेले तर एक अक्षर लागेना, पुढच्या खेपेला तीन पावलं जवळ जाऊन १एक्स ने काढली तेव्हा स्पष्ट आली.

मागचा पसारा आणि खाली वाकणं

म्युझियममध्ये विमानामागे दुसरं विमान असतं, खांब असतात, दोऱ्या, पाट्या, कचरापेटी, गाड्या, सहलीची मुलं. फोन मागचं सगळं शार्प दाखवतो त्यामुळे हे आपल्यालाच हलून टाळावं लागतं. बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे पुरतं, खांब पंखामागे लपतो. आणि खाली वाका. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली जमिनीकडे, आणि लेन्स जमिनीपासून वीतभर अंतरावर आणा. मागची झाडं-कुंपण खाली जातं, विमानामागे नुसतं आभाळ येतं, चाकं आणि त्यांचे पाय भक्कम दिसतात. मात्र ही युक्ती सगळीकडे वापरू नका, नाहीतर सगळीच विमानं अंगावर आल्यासारखी दिसतात. एचटी-२ सारखं लहान विमान मी डोळ्यांच्या उंचीवरूनच काढते.

माणसं मध्ये येत असतील तर वाट बघा. चिडायचं कारण नाही, ती पण विमानच बघायला आलीत. कधी कधी एखादं माणूस फ्रेममध्ये असलेलं चांगलं, कॉन्स्टेलेशनच्या चाकाशेजारी कुणी उभं असलं की विमान केवढं आहे ते एका नजरेत कळतं, पण अनोळखी माणसाचा चेहरा येणार असेल तर विचारून घ्या, विशेषतः लहान मुलं.

पंख असलेलं विमान तिरकं काढताना जवळच्या पंखाचं टोक कापलं जाणार नाही ह्याकडे लक्ष द्या, फोटो काढायच्या आधी चारही कोपऱ्यांवर नजर फिरवायची सवय लावा. कापायचंच असेल तर ठामपणे कापा, म्हणजे अर्धा पंख बाहेर. बोटभर टोक कापलेलं चुकल्यासारखं दिसतं.

जवळून

फोनची खरी ताकद जवळून आहे असं मला वाटतं. मोठ्या कॅमेऱ्यावाले लोक लांबून पूर्ण विमान आपल्यापेक्षा सुंदर काढतील, पण दोरीच्या अलीकडून हात लांब करून पंखाच्या सांध्यापर्यंत पोचणं फोनला जमतं. जहाजावर जागा कमी म्हणून सी हॉक, अलिझे ह्यांचे पंख घडी होतात, तो सांधा शोधा, बिजागरी, त्यातून जाणारे पाईप, वर्षानुवर्षांचं ग्रीस. शेपटाखालचा हुक शोधा जो विक्रांतच्या डेकवरच्या तारेत अडकवून विमान थांबवायचे. आयएन पासून सुरू होणारा नंबर, तिरंगी गोल, पाय ठेवू नये अशा सूचना, टायरवरच्या भेगा, एक्झॉस्टच्या मागची काजळी. प्रत्येक विमानाचे निदान तीन डिटेल काढा आणि त्याच्या आधी त्या विमानाच्या पाटीचा एक फोटो, म्हणजे घरी गोंधळ होणार नाही.

फार जवळ गेलं की काही फोन आपणहून वाईड लेन्सवर उडी मारतात आणि चित्र एकदम बदलतं, तेव्हा वीतभर मागे येऊन २एक्स करा, चित्र शांत राहतं.

कॉकपिटच्या काचेचं जरा कठीण. काचेवर आभाळ आणि आपलाच हात दिसतो. जिथे जवळ जाता येतं तिथे लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती हाताची ओंजळ किंवा काळा रुमाल धरा, बाहेरचा उजेड अडला की आतले काटे-डायल दिसायला लागतात. काळे कपडे घालून जा, हेही कामाला येतं. चिमट्याने लावायचा पोलरायझर फिल्टर मिळतो, तो रंगावरची आणि काचेवरची चमक कमी करतो, पण उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही. आणि जेटच्या कॉकपिटची काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक असते, पोलरायझर लावून बघितलं की तिच्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसू शकतात, तो फिल्टरचा दोष नाही, काच वाकवताना पडलेला ताण रंगात दिसतोय. मला ते पट्टे आवडतात, नको असतील तर फिल्टर थोडा फिरवा किंवा काढून ठेवा.

आतल्या गॅलरीत

आत इंजिनं, मॉडेल, जुने फोटो आहेत. इथे दोन गोष्टी पुरतात. एक, प्रो मोड असेल तर शटर, म्हणजे फोन किती वेळ उजेड आत घेतो ते, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्याहून जलद शटर ठेवलं की ट्यूब आणि काही एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. दोन, इंजिन काही हलणार नाही, त्यामुळे नाईट मोड बिनधास्त वापरा, फोन रेलिंगवर किंवा भिंतीला टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये हँगरच्या आत वापिती, स्पिटफायर, हरिकेन अशी विमानं आहेत तिथेही हीच पद्धत चालते. १९३३ मध्ये आपल्या हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन ज्या जातीच्या विमानांवर उभं राहिलं ते वापिती कापड-तारांचं आहे, आणि तारा अंधारात फोनला नीट दिसत नाहीत, म्हणून मागे उजळ भिंत किंवा खिडकी येईल असं उभं राहा.

मुंबईकरांना सरावासाठी गोव्यापर्यंत जायची गरज नाही. वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एचएफ-२४ मरुत उभं आहे, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, जर्मन डिझायनर कुर्ट टांक ह्यांनी बंगळुरूला बनवलेलं. लांबलचक टोकदार नाक आणि मागे शेजारी शेजारी दोन इंजिनं. एका विमानाभोवती दोन तास फिरून वर लिहिलेलं सगळं करून बघा, मग गोव्यात घाई होणार नाही.

पंखा फिरत असेल तर

म्युझियममध्ये हा प्रश्न येत नाही, पण कधी एअर शोला जुनं विमान चालू अवस्थेत दिसलं तर आधी माहीत हवं. हवाई दलाकडे परशुराम नावाचं डाकोटा जातीचं जुनं मालवाहू विमान आहे, व्हीपी ९०५, २०१८ पासून, २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला ते उडालंही होतं. इंग्लंडमधल्या मराठी लोकांना तर ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ कलेक्शन आहे, तिथे १९०९ चं ब्लेरिओ विमान अजून जमिनीवरून उचललं जातं.

फोनने फिरत्या पंख्याचा फोटो काढला की पाती कोयत्यासारखी वाकडी येतात किंवा पंख्यापासून सुटून हवेत तरंगतात. फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम वाचत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्या वेळात पातं पुढे गेलेलं असतं. शिवाय भर उन्हात फोन स्वतःहून शटर १/४००० च्या आसपास नेतो, कारण बहुतेक फोनच्या लेन्सचं तोंड एफ १.८ वर कायम उघडंच असतं, लहान करता येत नाही. मग पातं गोठतं आणि वाकडंही होतं, विमान इंजिन बंद करून आभाळात लटकल्यासारखं वाटतं.

उपाय म्हणजे शटर हळू करायचं. हिशोब सोपा आहे, पंखा मिनिटाला १२०० फेरे मारतोय म्हणजे सेकंदाला २०, मग १/६० सेकंदात तो एक तृतीयांश फेरा फिरतो, आणि तीन पाती असतील तर प्रत्येक पातं पुढच्याच्या जागेपर्यंत पोचतं, म्हणजे पूर्ण गोल धुरकट चकती मिळते. १/१२५ ला साधारण निम्मी जागा भरते, तेही छान दिसतं आणि हात हलला तरी निभावतं. पण उन्हात १/१२५ वर फोटो पांढरा होणार, म्हणून लेन्सवर काळी काच, एनडी फिल्टर लावायचा, आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती पटकन पकडतो ते, ५० ठेवून एनडी ३२ लावला की १/४००० चं बरोबर १/१२५ होतं. ढगाळ असेल तर एनडी ८ सुद्धा पुरतो.

उडणारं विमान फोनमध्ये मुंगीएवढंच येणार हे मान्य करा. त्यापेक्षा इंजिन सुरू होताना, धुराचा पहिला भपका निघताना, जमिनीवर चाकांवरून सावकाश समोरून जाताना काढा. कोपर अंगाला चिकटवून, विमानाच्या वेगाने कमरेतून वळत बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ फोटो काढायचं बटण, दाबून धरा, वीस-तीसमध्ये एखादा नीट येतो. तोही नसेल जमत तर फोरके व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातली एक फ्रेम काढा, आणि जुन्या इंजिनाचा आवाजही त्यात राहतो, तो फोटोत मिळत नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी रात्री बसून निवडा, दुसऱ्या दिवसावर ढकललं की राहतं. आधी सरळ करा, पण जमीन उताराची असते त्यामुळे जमिनीवर भरवसा ठेवू नका, मागे इमारतीची उभी कड असेल तिच्याशी जुळवा. क्रॉप करताना विमानाच्या नाकापुढे शेपटामागच्यापेक्षा थोडी जास्त जागा सोडा. सावल्या थोड्या उजळा, हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, थोडे खाली, बस. शार्पनेस वाढवू नका, फोनने आधीच वाढवलेला असतो, रिव्हेटभोवती पांढरी कडी दिसायला लागली म्हणजे जास्त झालं. आणि सेपिया करू नका. जुनं विमान आहे म्हणून पिवळा फिल्टर लावायची सगळ्यांना हौस असते, पण त्या विमानाचा स्वतःचा उडालेला रंग, गंजाचे ओघळ, मिठाने खाल्लेला पत्रा हे खरं वय आहे आणि फिल्टरने नेमकं तेच झाकलं जातं.

प्रत्येक फोटोच्या खाली विमानाचं नाव, अंगावरचा नंबर, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच विमानाला नवा रंग दिलेला असेल किंवा जागा बदललेली असेल, तेव्हा तुमचा हा फोटो कामाला येईल. मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायचा झाला तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या मेहनतीने आणलेले रिव्हेट वाटेतच पुसले जातात. मी मामाला सी हॉकचा मागून काढलेला फोटो तसाच पाठवला, त्याने झूम करून बघितला आणि फोन करून विचारलं, डाव्या नळकांड्याच्या कडेला तो पोचा आधीपासून होता का गं?